लगामाचं दुसरं टोक

आजचं वाचन: कठोपनिषद, पहिला अध्याय, तिसरी वल्ली, मंत्र ३ ते ९.

हे मंत्र पाठ नसले तरी ओळखीचे आहेत. यमराज नचिकेताला सांगतात, शरीर हा रथ, त्यात बसलेला आत्मा हा रथाचा मालक, बुद्धी सारथी, मन म्हणजे लगाम, इंद्रियं हे घोडे आणि विषय म्हणजे घोडे ज्या वाटांवरून धावतात त्या वाटा. शाळेच्या भिंतीवर, दिनदर्शिकेवर, कीर्तनात, सगळीकडे हे चित्र आपण पाहिलंय. आणि ते पाहून आपल्याला एकच गोष्ट शिकवली गेली: लगाम घट्ट धरा.

मी पण तसंच धरत आलो. गेल्या वर्षी पहाटे चारला उठून जप करायचा नेम घेतला होता. एक्सेलमध्ये तक्ता केला, ज्या दिवशी चुकलं तो दिवस लाल. लाल दिवसाच्या दुसऱ्या दिवशी शिक्षा म्हणून जेवण बंद. चाळीस दिवस चाललं, मग असा काही आजारी पडलो की दीड महिना माळ हातात घेतली नाही. तेव्हा वाटलं होतं, आपला घोडाच वाईट.

आज या मंत्रांवर लिहायचं होतं आणि राहून राहून एक खराखुरा घोडा डोळ्यापुढे येतोय. तर त्याचीच गोष्ट सांगतो.

माझा मामा माथेरानला घोडेवाला आहे. माथेरानला मोटारगाड्यांना बंदी, दस्तुरी नाक्यावर गाडी ठेवायची आणि पुढे पायी, रिक्षाने नाहीतर घोड्यावर. मामाकडे तीन घोडे, त्यातला राजा सगळ्यात जुना. सारंगखेड्याच्या यात्रेतून आणलेला. (तापीकाठी एकमुखी दत्ताचं देऊळ आहे, दत्तजयंतीला घोड्यांचा मोठा बाजार भरतो. मामा त्याला ‘दत्ताचा प्रसाद’ म्हणतो, म्हणून राजाला शिव्या देताना आधी कानाला हात लावतो.) मी लहानपणी पहिल्यांदा घोड्यावर बसलो तो राजा नव्हे, त्याच्या आधीचा. पण माझी मुलगी पहिल्यांदा बसली ती राजावर.

मागच्या दोन वर्षांत राजा बिघडला. लगाम घालायला गेलं की तोंड वर करून उभा. लगाम चढवला की मान झटकायची, दात खायचे, एका बाजूला तोंड वाकडं करायचं. उजवीकडे वळायला सांगितलं तर बरा, डावीकडे म्हटलं की मागे सरकायचा. दिवाळीच्या सुट्टीत आठ वर्षांचा एक मुलगा त्याच्यावर बसला होता. उतारावर मामाने लगाम ओढला आणि राजाने पुढचे दोन्ही पाय उचलले. मामाने पोराला वरच्या वर झेललं, कोपर तेवढं खरचटलं. पोराचे वडील मामाला जे बोलले ते इथे लिहीत नाही. त्यांचं चुकलं असंही म्हणवत नाही.

त्या रात्री मामाचा फोन आला. ‘‘काय रे इंजिनेर, राजा आता ठेवत नाही. गिऱ्हाईक आलंय एक.’’ म्हातारा, मान झटकणारा घोडा कोण कशाला विकत घेतो हे मामाला आणि मला दोघांनाही माहीत होतं. दुसरा पर्याय पण त्याने सांगितला. कुणीतरी त्याला काटेरी कडियाळ आणून दिलं होतं.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: लगामाचा जो लोखंडी तुकडा घोड्याच्या तोंडात जातो ते कडियाळ. घोड्याला पुढे कापायचे दात असतात, मागे दाढा, आणि मध्ये दोन्ही बाजूंना रिकामी हिरडी. कडियाळ तिथे बसतं, जिभेवर आणि त्या उघड्या हिरडीवर. हिरडीखाली लगेच हाड. त्या लोखंडालाच खिळे, टोकं काढली की झालं काटेरी कडियाळ. घोडा थांबतो, नक्कीच थांबतो. १९६५ साली ओझ्याच्या आणि गाडीच्या जनावरांसाठी जे नियम झाले, त्यातल्या आठव्या नियमाने असलं टोकेरी साधन वापरायला बंदी आहे. तरी मिळतं. मी मामाला म्हटलं, ‘‘शनिवारपर्यंत थांब. मी येतो.’’

का म्हटलं? खरं सांगायचं तर दयेपोटी नाही. घरात मला बसवत नव्हतं, निघायला कारण हवं होतं.

आई गेल्यापासून बाबा आमच्याकडे असतात, पुण्यात. वय ७४. दोन महिन्यांपूर्वी त्यांना एक फोन आला, वीज तोडणार म्हणून, आणि बाबांनी पलीकडचा सांगेल तसं फोनवर करायला घेतलं. योगायोगाने मी घरी होतो म्हणून वाचलं. मी त्याच संध्याकाळी त्यांच्या फोनमधून पैशांची सगळी अ‍ॅप काढून टाकली. पासवर्ड बदलले. बँकेच्या खात्याचे संदेश माझ्या नंबरवर वळवले. हे सगळं जेवणाच्या टेबलावर, मुलीसमोर, आणि तोंडाने चालूच, की बाबा, तुम्हाला किती वेळा सांगितलं. दुसऱ्या दिवसापासून बाबा अवघड झाले. फिरायला जाईनात. औषधाच्या गोळ्या उशीखाली सापडायला लागल्या. मी गोळ्यांसाठी गजर लावला, हॉलमध्ये कॅमेरा बसवला. ते कॅमेऱ्याकडे पाठ करून बसायला लागले. मी म्हणायचो, म्हातारपणात माणूस हट्टी होतो.

असा मी शनिवारी माथेरानला पोचलो.

कर्जतकडून जनावरांचे एक डॉक्टर यायचे होते. ते आले, राजाच्या तोंडात जबडा उघडा ठेवणारी चौकट बसवली, विजेरी लावली आणि मला म्हणाले, या, बघा. मी वाकून बघितलं.

घोड्याचा दात जन्मभर थोडा थोडा वर येत राहतो आणि चघळण्याने झिजत राहतो. वरचा जबडा खालच्यापेक्षा रुंद, त्यामुळे झीज सारखी होत नाही. वरच्या दाढांना गालाकडून आणि खालच्या दाढांना जिभेकडून धारदार कड तयार होते. राजाच्या दोन्ही गालांना आतून जखमा होत्या. जिभेवर जुना आडवा वण. डावीकडची एक दाढ हलत होती आणि तिच्या मुळाशी कुजकट वास. डाव्या हिरडीवर, कडियाळ बसतं तिथेच, सूज. मामा म्हणत होता घोडा सोळा वर्षांचा, डॉक्टर म्हणाले विशीच्या पलीकडचा आहे. यात्रेत विकणाऱ्याने वय सांगितलं असेल ते आपण धरून चाललो.

डाव्या बाजूला वळत का नव्हता, ते विचारायची गरज उरली नाही.

मामा बराच वेळ काही बोलला नाही. मग म्हणाला, ‘‘दोन वर्षं मी त्याला तोंडाचा कडक म्हणत होतो.’’

दाढ काढली, कडा कानशीने घासल्या, तीन आठवडे तोंडात काहीही घालायचं नाही, नुसती मोरकी. हे सोपं होतं. पुढचं सोपं नव्हतं, आणि इथे माझ्यातला इंजिनिअर जागा झाला. मला वाटलं आता योग्य कडियाळ आणलं की प्रश्न मिटला.

आधी माप घेतलं. तोंडाच्या एका कोपऱ्यापासून दुसऱ्या कोपऱ्यापर्यंत सुतळी धरली, साडेचार इंच भरली. दोन्हीकडे पाव पाव इंच मोकळं हवं, म्हणजे पाच. आणि मामा इतकी वर्षं साडेपाच इंची वापरत होता, कारण आधीच्या घोड्याचं ते पडून होतं. तो आधीचा घोडा मोठ्या चणीचा. जास्त रुंद कडियाळ तोंडात इकडून तिकडे सरकतं आणि एका बाजूने ओढलं की त्याचा मधला सांधा भलतीकडेच रुततो. शिवाय ते एकाच सांध्याचं होतं, दोन्ही दोऱ्या ओढल्या की अडकित्त्यासारखं मिटायचं आणि सांधा टाळूकडे वर यायचा.

मी ऑनलाइन शोधून जाडजूड, रबर चढवलेलं, पाच इंची मागवलं. जाड म्हणजे मऊ, हे माझं गणित. तीन आठवड्यांनी ते घातलं तर राजाने तोंड उघडं टाकलं, जीभ बाहेर काढली आणि जमिनीवर लाळ गाळत उभा राहिला. डॉक्टरांना फोन केला. ते हसले. म्हणाले, घोड्याची जीभच सगळं तोंड भरून टाकते, आत तेवढी जागाच नसते. तुम्ही त्याच्या तोंडात बटाटा कोंबलाय. हे माझ्या डोक्यात आलंच नव्हतं. मी त्याच्या तोंडाचा विचार करतच नव्हतो, ‘मऊ’ या शब्दाचा करत होतो.

मग मध्यम जाडीचं, दोन सांध्यांचं, मध्ये गुळगुळीत चपटा दाणा असलेलं घातलं. अडकित्ता होत नाही, भार जिभेवर पसरतो. ते त्याने घेतलं. पण मान झटकणं पूर्ण गेलं नाही. मामाची मुलगी, ती बारावीला आहे, शांतपणे म्हणाली, ‘‘दादा, कानाकडे बघ ना.’’ कपाळावरचा पट्टा आखूड होता. तो डोक्यावरचा पट्टा पुढे ओढून कानांच्या मुळात रुतवत होता, तिथले केस गेलेले. चामडं वाळून कडक झालेलं. आम्ही सगळे तोंडात बघत बसलो आणि दुखणं कानामागे पण होतं. पट्टा बदलला, चामड्याला तेल दिलं, नाकावरच्या पट्ट्याखाली दोन बोटं जातील आणि गळ्याच्या पट्ट्याखाली मूठ जाईल इतकं सैल केलं.

आणि मग सगळ्यात बावळट प्रश्न मी विचारला. पर्यटक बसलेला असताना मामा स्वतः दोरी धरून पुढे चालतो. लगाम मुलाच्या हातात शोभेला. ‘‘मामा, मग तेव्हा तोंडात कडियाळ हवंच कशाला?’’

मामा म्हणाला, ‘‘सवय.’’ मग जरा वेळाने, ‘‘आणि भीती.’’

आता मुलं बसतात तेव्हा राजाच्या तोंडात काही नसतं. नाकावरून जाणाऱ्या पट्ट्याच्या दोन्ही बाजूंना दोऱ्या, बस. त्यातही खाचाखोचा आहेत. पट्टा खाली, नाकाच्या मऊ भागावर आला तर तो श्वासाच्या वाटेवर दाबतो; हाडावरच बसायला हवा. तोंडात लोखंड नाही म्हणजे त्रास नाही, असं नाही. मामा एकटा बसतो तेव्हा ते दोन सांध्यांचं कडियाळ. माकडाने झाडावरून उडी मारली तर विशीतला घोडाही चार वर्षांचा होतो.

आता परत उपनिषदाकडे.

घरी येऊन हे मंत्र पुन्हा वाचले तेव्हा एक गोष्ट दिसली, जी मी आधी कधीच पाहिली नव्हती. पाचव्या मंत्रात उधळलेल्या, वाईट घोड्यांचा उल्लेख आहे. पण मंत्र घोड्यापासून सुरू होत नाही. तो सुरू होतो ज्याला समज नाही त्याच्यापासून. समज नाही, म्हणून मन जोडलेलं नाही, म्हणून इंद्रियं सारथ्याच्या दुष्ट घोड्यांसारखी ताब्यात राहत नाहीत. क्रम असा आहे. सहाव्या मंत्रात त्याच क्रमाने उलट: समज आहे, मन जोडलेलं आहे, तर तीच इंद्रियं चांगल्या घोड्यांसारखी. घोडा बदलला असं यमराज कुठेच म्हणत नाहीत. आणि आम्ही मात्र चूक शोधायला नेहमी घोड्यापासून सुरुवात करतो. आमच्या कामातही हेच, जिथे लाल अक्षरं दिसतात तिथेच बिघाड आहे असं नवीन पोरांना वाटतं.

लगामाला दोन टोकं असतात. एक सारथ्याच्या मुठीत, ते आपल्याला कळतं, कारण मूठ आपली. दुसरं घोड्याच्या तोंडात, अंधारात. तिथे काय रुततंय हे मुठीला कळत नाही, तिला फक्त ओढ कळते. हे उपनिषदात लिहिलेलं नाही, हा माझा अर्थ आहे, जाणकारांनी चुकत असेल तर सांगावं.

पण एक सारथी होता, ज्याला ते दुसरं टोक दिसत होतं. महाभारतात द्रोणपर्वात चौदाव्या दिवसाची कथा आहे. सूर्य मावळायच्या आत जयद्रथाला मारीन, नाहीतर अग्निप्रवेश करीन, अशी अर्जुनाची प्रतिज्ञा. सूर्य पश्चिमेकडे झुकायला लागलाय, जयद्रथ अजून दूर आहे, मध्ये सगळी कौरवसेना. आणि रथाचे घोडे थकलेत, अंगात बाण रुतलेत. अशा वेळी आपण काय केलं असतं? मी तर चाबूक काढला असता. एवढा एक दिवस ओढू, उद्या विश्रांती देऊ. (गेल्या दहा वर्षांत प्रत्येक डेडलाइनला मी स्वतःला आणि टीमला हेच सांगत आलोय.) पण तिथे रणांगणाच्या मध्यभागी रथ थांबला. अर्जुन खाली उतरून पायी उभा राहिला आणि शत्रूला थोपवून धरलं, बाणाने जमीन फोडून पाण्याचं तळं केलं. आणि भगवंतांनी घोडे सोडले. त्यांच्या अंगातले बाण स्वतःच्या हाताने काढले, अंग चोळलं, पाणी पाजलं, जमिनीवर लोळू दिलं, चारा दिला. मग पुन्हा जुंपले.

आपल्या संतांना देवाचं हे रूप फार आवडतं, अर्जुनाची घोडी धुणारा देव. मी आजवर त्याकडे ‘देव भक्तासाठी हलकं काम पण करतो’ एवढंच म्हणून बघायचो. आता वाटतं त्यात हलकं काय आहे? बाण कुठे रुतलाय हे हात फिरवल्याशिवाय कळतच नाही. आणि त्या दिवशी सूर्य मावळायच्या आत प्रतिज्ञा पुरीही झाली.

याच भगवंतांनी गीतेच्या सतराव्या अध्यायात, जे लोक दंभाने शरीराला पीडा देणारं घोर तप करतात आणि आत बसलेल्या मलाही छळतात, त्यांची बुद्धी आसुरी म्हटली आहे. माझा एक्सेलचा तक्ता आठवला आणि लाज वाटली. तप म्हणून मी काटेरी कडियाळच घातलं होतं. मग नेम नकोच का? तसं नाही. राजाला मोकळं सोडलं असतं तर तो माथेरानच्या कड्यावरून गेला असता. सहाव्या अध्यायात मन जिथे जिथे पळेल तिथून तिथून परत आणायला सांगितलंच आहे. पण परत आणायला सांगितलंय, फोडून काढायला नाही. सध्या मी पहाटे साडेपाचला उठतो, एक माळ करतो. चुकली तर संध्याकाळी करतो. तक्ता काढून टाकलाय.

आता बाबांचं. हे लिहू की नको असं दोन दिवस चाललं होतं.

माथेरानहून आलो त्या रात्री त्यांच्या खोलीत जाऊन बसलो. विचारलं, ‘‘बाबा, नेमकं काय खुपतंय?’’ मला वाटलं होतं पैशांचं म्हणतील. ते बराच वेळ पंख्याकडे बघत राहिले. मग म्हणाले, ‘‘कोपऱ्यावर ती फुलवाली बसते. रोज सकाळी तिच्याकडून तुझ्या आईच्या फोटोला हार घ्यायचो. वीस रुपये. फोनवरून द्यायचो, ती म्हणायची, आजोबा, तुमचे पैसे आले बरं का. आता सूनबाईकडे वीस रुपये मागू का मी? रोज?’’

फिरायला ते फुलांसाठीच जात होते. आणि मी डॉक्टरांकडे गुडघ्याबद्दल विचारत होतो.

फसवणुकीची भीती खोटी नव्हती. फोन तर परवाही आला होता. आम्ही दोघांनी मिळून, या वेळी खरंच मिळून, एक वेगळं खातं काढलं. त्यात महिन्याला तीन हजार, तेवढंच त्यांच्या फोनला जोडलेलं. मोठी रक्कम दुसरीकडे, तिचं काही करायचं तर दोघांनी बसून. कॅमेरा काढला. गोळ्यांचा गजर त्यांनी ठेवू दिला, पण आवाज बदलून घेतला. ‘‘तो भोंगा नको, गिरणीची आठवण होते.’’ सगळं सुरळीत झालंय असं समजू नका. मुलीसमोर जे बोललो ते ते विसरलेले नाहीत. मधूनच एखादं वाक्य तसंच परत करतात, माझ्याच स्वरात. मी ऐकून घेतो.

गेल्या रविवारी त्यांना माथेरानला घेऊन गेलो. मामा म्हणाला, ‘‘या दाजी, तुमच्या वयाचा आहे हा.’’ बाबा राजाजवळ जाऊन उभे राहिले. राजाने त्यांच्या सदऱ्याचा वास घेतला. मग त्यांनी त्याच्या कानामागे, जिथे आता नवे केस येतायत, तिथे हळूच खाजवलं, आणि त्या घोड्याने डोळे मिटून खालचा ओठ सोडून दिला.

येताना वाटेत हरभरे भिजवून ठेवलेले दिसले. मामा म्हणाला, चंदी महाग झालीय. मी खिशात हात घातला, तोवर बाबांनी फोन काढलेला होता. चष्मा वर करून, एक एक आकडा बघत, दोनशे रुपये मामाला पाठवले आणि विचारलं,

‘‘आले का?’’

उद्याचं वाचन: याच वल्लीतले मंत्र १० आणि ११.

रामकृष्ण हरी.